भरिताचं पुन्हा वांगं होतं का?

पंगत बसली तरी नवरा-नवरीला 'फक्त एक मिनिट' म्हणत उन्हात उभं करणारा फोटोवाला तुमच्याही गावात असेलच. आमच्या जळगावात ते रॉसाहेब. रॉ फाईलशिवाय शटर दाबत नाहीत, म्हणून रावसाहेबांचे रॉसाहेब झाले.

पुतणीच्या साखरपुड्याचे फोटो मी नुसते 'जेपेगमध्ये द्या' म्हणालो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "भो, रॉ म्हणजे बामणोदचं ताजं वांगं. जेपेग म्हणजे भरीत. कॅमेऱ्याने आतल्या आत भाजलं, सोललं, त्याला नको ते फेकलं. भरिताचं पुन्हा वांगं होतं का?"

एकदा धुळ्याच्या एसटीत शेजारी बसलो. एरंडोलला बिट सुरू झाले: जेपेगमध्ये एका रंगाच्या 256 पायऱ्या, चौदा बिटांच्या रॉमध्ये 16,384. पारोळ्याला टिफ आला. "टिफ म्हणजे सोललेलं वांगं. डब्यातून कितीदा काढा-ठेवा, उतरत नाही. जेपेग दर सेव्हला थोडं उतरतं." धुळं आलं तेव्हा मागच्या बाईंनीच विचारलं, "मग पीएनजी काय हो?" "पत्रिकेवरच्या गणपतीला ते, ताई. मागचा पांढरा चौकोन दिसत नाही." बाईंना पटलं. मला भूक लागली.

एक रॉ 30 एमबी, लग्नाचे फोटो 3,000, म्हणजे 90 जीबी वांगी. ती भाजून अल्बम यायचा तोवर जोडप्याच्या पोराचं जावळ झालेलं असतं. वऱ्हाडाचं मागणं मात्र एवढंच: नवरी गोरी करा आणि व्हॉट्सॲपवर टाका. तिथे त्या वांग्याची चटणी होते.

चाळीसगावचा फोटोग्राफर केकी मूस यांचा बंगला हे रॉसाहेबांचं पंढरपूर. मूस गेले 1989 मध्ये, डिजिटलच्या भानगडीआधी. "निगेटिव्ह हीच त्यांची रॉ," हे सांगताना रॉसाहेब चक्क चप्पल काढतात. रस्त्यावर असले तरी.

परवा दुकानात गेलो तर पडद्यावर एकच फोटो. त्यांच्याच लग्नातला. मित्राने साध्या कॅमेऱ्यावर काढलेला, जेपेग. मे महिन्याच्या उन्हात आईचा कपाळापासून गालापर्यंतचा भाग कोरा पांढरा. काम शिकत होते तेव्हा रॉसाहेबांनी तो 'सुधारला', त्याच फाईलवर सेव्ह केला. पुन्हा सुधारला, पुन्हा सेव्ह. नथीभोवती आता बारीक चौकोन पडलेत. आई त्याच पावसाळ्यात गेली. दुसरा फोटो नाही.

त्यांनी उजेड कमी करून पाहिला. पांढऱ्याचं करडं झालं, चेहरा काही आला नाही.

वांग्याचा विषय मी काढला नाही. त्यांनीही नाही.

फाईल बंद करताना संगणकाने विचारलं, बदल सेव्ह करायचे का? रॉसाहेबांनी 'नाही' दाबलं आणि चहा सांगितला.