एक हजार एक रुपये प्राप्त झाले

आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात दर रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये उपासना भरते. कोणती मंडळी ते विचारू नका. असा एक हॉल तुमच्याही ओळखीचा असणारच. तिथे दानपात्राशेजारी आता बोलका डबा आलाय. वडापावच्या गाडीवर असतो तोच. कोड स्कॅन करून पैसे भरले की बाईच्या आवाजात जाहीर करतो, "पाचशे रुपये प्राप्त झाले."

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. इथे ते अख्ख्या मंडळीला, खालच्या चिकन सेंटरला आणि रिक्षा स्टँडला कळतं. डोळे मिटून प्रार्थना चाललीय आणि मधेच, "एक हजार एक." (वर एक रुपया लावायची मराठी खोड बाप्तिस्म्यानेही धुतली जात नाही.) अनुभवी दाते घाई करत नाहीत. पाळक "क्षणभर स्तब्ध राहू या" म्हणाले की मगच अंगठा दाबतात.

मंदिराच्या भांडारासमोर बसून येशू दान टाकणारी माणसं बघत होता. श्रीमंतांनी पुष्कळ टाकलं, एका गरीब विधवेने दोन टोल्या (अगदी चिल्लर नाणी) टाकल्या आणि सगळ्यांत जास्त हिनेच दिलं, असं तो म्हणाला. ती बाई आमच्या हॉलमध्ये आली तर डबा "दोन रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत सांगेल, मागची पोरं फिसकन हसतील आणि पुढच्या रविवारी बाई फिरकणार नाही. ही अडचण मी समितीतल्या एका गृहस्थांच्या कानावर घातली. ते गंभीर झाले. "बरोबर आहे. पन्नासच्या खालचं बोलणार नाही, असं सेटिंग मिळतंय का बघतो."

मग साक्षी, म्हणजे माइकवर येऊन देवाचे अनुभव सांगणं. प्रभूने चाकणला अडीच गुंठे दिले, तेही रोड टच. प्रभूने व्हेंडर कोड मिळवून दिला. टाळ्या! देवाची आणि पैशाची चाकरी एकदम जमत नाही, हेही त्याच सहाव्या अध्यायात थोडं खाली लिहिलंय. पण साक्षी लांबतात आणि वाचन तिथवर पोचत नाही.

साक्ष ज्याने द्यायला हवी तो दाराजवळ उभा असतो, कंपनीचा टी-शर्ट घालून. ठेकेदाराचा माणूस, कारखाना भोसरीत. तिथे औद्योगिक सुट्टी गुरुवारी, विजेच्या हिशेबाने ठरलेली. २०२५पर्यंत लागू असलेला १९४८चा कारखाने कायदा म्हणायचा, रविवारी काम नको. घेतलंच तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक सुट्टी द्या. तीन आधीचे, तीन नंतरचे, म्हणजे उरलेला अख्खा आठवडा! असा कायदा लिहिणाऱ्याला खरं तर साष्टांग नमस्कार घालायला हवा. तर हा माणूस रविवारी उपासनेला आला की त्याचा खाडा पडतो. रोज बुडतो, वर हजेरी भत्ताही जातो, आणि दोन-तीन खाडे झाले की ठेकेदार गेटपासच काढून घेतो. तरी येतो. अहो, पैसा सोडून देव धरणं म्हणतात ते हेच ना? साऱ्या हॉलमध्ये ते त्या एकट्याने केलंय आणि त्याला बसायला खुर्ची नाही! खुर्च्या रोड टचवाल्यांना. तो जे सोडून आला त्याचा आवाज कुठल्या डब्यातून येणार? त्याला एकदा माइक द्या, असं मी पुन्हा त्याच गृहस्थांना सुचवलं. त्यांनी मला समजावलं, "साक्ष म्हणजे काय मिळालं ते सांगायचं असतं. काय गेलं ते ऐकायला नवीन माणसं कशाला येतील?"

ठेकेदाराने त्याला विचारलं होतं, "तुमचा देव गुरुवारी भेटत नाही का रे?" प्रश्न मला रास्त वाटला, म्हणून हॉलच्या ऑफिसात चौकशी केली. नाही भेटत. गुरुवारी हॉल एनए प्लॉटवाल्यांना दिलेला असतो. ते भाडं आगाऊ भरतात.