विषय : रेपोचा अ‍ॅक्सेस मिळणेबाबत

यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांतील होतकरू तरुणांस, विशेषतः बायोडेटात ‘ओपन सोर्स काँट्रिब्युटर’ ही ओळ आधीच टाइप करून ठेवलेल्या तरुणांस, कळविण्यात येते की ती ओळ खरी करण्याची रीतसर पद्धत खाली दिली आहे. कोड येत नसला तरी चालेल. सॉफ्टवेअर लिहायला माणसं मिळतात, ते कसं वापरायचं हे लिहायला मिळत नाहीत. त्यामुळे डॉक्युमेंटेशन खात्यात जागा बारमाही रिक्त असतात. पगार नाही, प्रवासभत्ता नाही, वयाची अट नाही. जातीचा दाखला लागत नाही, डोमिसाइल लागत नाही. यामुळेच आपल्याकडच्या मुलांना हे काहीतरी बनावट असावं असं वाटतं.

नियम १ : अर्ज करू नये.

हा नियम आमच्या पुतण्यामुळे करावा लागला. गेल्या दिवाळीत तो आला, फराळाची बशी मांडीवर घेतली आणि म्हणाला, “काकाजी, गिटहबवर तुमच्या ओळखीचं कोनी हाये का? एका रेपोचा अ‍ॅक्सेस पाह्यजे होता.” (गिटहब म्हणजे ओपन सोर्स प्रकल्प ठेवण्याचं संकेतस्थळ, आणि रेपो म्हणजे तिथलं एका प्रकल्पाचं दप्तर.)

“काम काय करशील?”

“ते अ‍ॅक्सेस भेटला का पाहून घेऊ.”

त्यात त्या पोराचा दोष नाही. रेशन कार्डापासून पीककर्जापर्यंत आपलं सगळं शिक्षण एकाच क्रमाने झालेलं आहे : आधी अर्ज, मग ओळख, मग परवानगी आणि जमलंच तर काम. त्याने अर्जही तयार ठेवला होता. “आदरणीय महोदय, मी यवतमाळ (महाराष्ट्र) येथील कायमचा रहिवासी असून मला लहानपणापासून ओपन सोर्सची आवड आहे, तरी मला आपल्या रिपॉझिटरीमध्ये लिहिण्याचा अधिकार देण्यात यावा, ही नम्र विनंती.” खाली ‘आपला विश्वासू’. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडण्याचा विचार मी वेळीच मोडून काढला.

असला अर्ज वाचणारा मेंटेनर कोण असतो, हेही पाहावं. तो ‘साहेब’ नसतो. दिवसा नोकरी करून रात्री फुकटात रेपो सांभाळणारा थकलेला माणूस असतो. या अर्जात त्याला करण्यासारखं काहीही नाही. दुरुस्त करावी अशी ओळ नाही, तपासावा असा बदल नाही. तो अर्ज बंद करतो आणि झोपायला जातो.

नियम २ : फेरफार समजून घ्यावा.

सातबाऱ्यावर आपण होऊन कोणी पेन चालवत नाही. ज्याची जमीन आहे तोसुद्धा नाही. वारस लागोत की खरेदीखत होवो, बदल आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार वहीत, चढतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, आणि मग कुठे सातबारा बदलतो.

गिटहबवर नेमकं हेच चालतं. रेपोची ‘मेन’ ब्रँच म्हणजे सातबारा, तुमची पुल रिक्वेस्ट म्हणजे फेरफार, आणि मेंटेनर म्हणजे मंडळ अधिकारी. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिटहबच्या मुळाशी असलेलं गिट लिहिलं तेव्हा आपला महसूल अधिनियम त्यांच्या उशाशी होता असा पुरावा उपलब्ध नाही, पण कोणता बदल कोणी, कधी आणि कशासाठी केला हे जन्मभर लिहून ठेवण्याची हौस दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की गिटहबवरची फेरफार वही अख्ख्या जगाला उघडी असते आणि कोणाच्या मागे चकरा माराव्या लागत नाहीत.

फेरफाराचा अर्ज द्यायला तलाठ्याची खुर्ची लागत नाही. रेपोतही तसंच. ‘फोर्क’ केलं की सगळ्या रेपोची प्रत तुमच्या खात्यात येते. तिच्यावर ताबा तुमचा, तिथे काय हवी ती खोडाखोड करा आणि जमलेला बदल पुल रिक्वेस्ट करून मूळ रेपोकडे पाठवा. एका पानातली एकच ओळ सुधारायची असेल तर लॅपटॉपवर काहीही टाकायची गरज नाही. पानावर पेन्सिलीचं चिन्ह असतं, ते दाबलं की फोर्कही गिटहबच काढतं आणि ब्रँचही. म्हणजे ज्या अ‍ॅक्सेससाठी पुतण्या ओळख शोधत होता, त्याच्याशिवाय पहिली कित्येक कामं होतात. हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. इतकं सोपं असेल तर त्यात कसली आली इज्जत?

नियम ३ : खात्याला दोन कुलपं लावावीत.

दुहेरी पडताळणी सुरू करा, आणि तेव्हा मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवा. आपल्याकडे फोन विहिरीत पडतात. संगणकावरून गिटने काम पाठवायचं असेल तर नुसता पासवर्ड १३ ऑगस्ट २०२१ पासून चालत नाही. टोकन किंवा एसएसएच की लागते. जुने व्हिडिओ पाहून रात्रभर पासवर्डच टाकत बसू नका.

नियम ४ : अडाणीपणाचा फायदा उठवावा.

हा या मार्गदर्शिकेतला एकमेव मोलाचा नियम आहे. बाकीचे विसरलात तरी चालतील.

नव्या माणसाला वाटतं, आपल्याला काही येत नाही तर आपण काय लिहिणार? गंमत अशी की ज्याला सगळं येतं त्याला डॉक्युमेंटेशनमधली भोकं दिसतच नाहीत. इन्स्टॉलेशनच्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीमध्ये एक पायरी गायब आहे, हे जाणकाराच्या ध्यानात येत नाही, कारण ती पायरी त्याची बोटंच करून टाकतात. ते तुम्हालाच दिसतं, कारण तुम्ही तिथे आपटता.

म्हणून असं करा. एखाद्या प्रकल्पाचं ‘सुरुवात कशी करावी’ हे पान उघडा आणि त्यात लिहिलंय तेवढंच करा. स्वतःची अक्कल वापरू नका. हे आपल्याला जड जाऊ नये. जिथे अडलात, जिथे दुसरा टॅब उघडून शोधावं लागलं, तिथे वहीत खूण करा. लिहिणाऱ्याने मॅकवर लिहिलेला आदेश तुमच्या विंडोजवर चालत नसेल, युजरच्या नावात मोकळी जागा असल्यामुळे फोल्डरचा पत्ता मोडत असेल, चित्रातला मेनू नव्या आवृत्तीत सापडतच नसेल, तर ही प्रत्येक खूण म्हणजे एक पुल रिक्वेस्ट. दारव्हा रोडवरच्या खोलीत, चार जीबी रॅमवर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जे अडतं, ते भरपूर वीज आणि भरपूर नेट असलेल्या लिहिणाऱ्याला कधी कळणारच नाही. ‘ही फाइल डाउनलोड करा’ असं लिहिणाऱ्याने ती किती मोठी आहे हे लिहिलेलं नसतं, कारण त्याला कधी दोन जीबीचा डेटा दिवसभर पुरवावा लागलेला नाही. तो आकडा तुम्ही लिहा.

आणि हे लवकर करा. महिनाभर वापरलं की तुमचीही बोटं शिकतात, आणि मग भोकं दिसेनाशी होतात.

नियम ५ : रीडमीमध्ये स्वतःचं नाव लिहू नये.

हे सांगावं लागतं, याचा खेद वाटतो. २०२० साली डिजिटलओशन या कंपनीच्या हॅकटोबरफेस्टमध्ये ऑक्टोबरभरात चार पुल रिक्वेस्ट करणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. लोकांनी परक्यांच्या रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या ओळखपानावर, ‘हा फार छान प्रकल्प आहे’ अशी ओळ घुसवून पुल रिक्वेस्टचा असा पाऊस पाडला, की आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावा लागला : ज्या रेपोची तयारी असेल तिथलंच काम धरलं जाईल. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस.जेएस या प्रकल्पाची पाळी आली. गिट शिकवणाऱ्या एका व्हिडिओत उदाहरण म्हणून तो रेपो दाखवला होता. पोरांनी उदाहरण मनावर घेतलं आणि रीडमीमध्ये आपापली नावं लिहून पाठवली. त्यात आपल्या देशातली नावं किती होती हे विचारू नका. माझ्या शेजारच्या गल्लीतलं एकही नसावं, अशी मी मनोमन प्रार्थना केली.

सरावच करायचा असेल तर स्वतःचा रेपो काढा. फुकट आहे.

नियम ६ : एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच काम.

स्वल्पविराम, तुटलेली लिंक आणि ‘या विभागाची मी नव्याने मांडणी केली आहे’ हे तिन्ही एकत्र बांधू नये. मेंटेनर गाठोडं सोडत बसत नाही.

नियम ७ : थांबावं.

वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेची वाट पाहणाऱ्या जिल्ह्याला हे शिकवावं लागू नये. ती गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त कळंबपर्यंत आली, तरी आपण सगळे शांत आहोत. मग पुल रिक्वेस्ट पाठवून तीन तास झाले नाहीत तोच “सर, काय झालं?”, संध्याकाळी “सर, प्लीज मर्ज”, आणि रात्री नुसतंच प्रश्नचिन्ह, ही कुठली घाई? आठवडाभर काहीही विचारू नका. मग एकदा, एका ओळीत आणि ‘सर’ न लावता विचारा. मधल्या काळात दुसऱ्या कोणाची तरी पुल रिक्वेस्ट वाचून त्यात काय कळलं नाही ते लिहा. तेही योगदानच आहे, आणि याच्याकडे मेंटेनरचं लक्ष जातं.

नियम ८ : हरकत म्हणजे अपमान नव्हे.

तुमच्या चार ओळींवर सहा हरकती येतील. हे वाक्य लांब आहे, ही लिंक नव्या पानाकडे न्या, इथे आमच्या शैलीपुस्तिकेप्रमाणे छोटं अक्षर हवं. पुतण्या म्हणाला, “काकाजी, हे तं आपल्याले पाण्यात पाहून राह्यले.”

नाही रे बावा. नीट पाहा. कुठल्या तरी देशात, तिकडे मध्यरात्र असताना, तुला कधी न भेटलेल्या माणसाने तुझी ओळ दोनदा वाचली आहे. तिसऱ्या शब्दानंतर काय हवं यावर त्याने विचार केला आहे, वर दुरुस्ती स्वतः लिहून ठेवली आहे, म्हणजे तुला फक्त ‘कमिट सजेशन’चं बटण दाबायचं आहे. बारा वर्षांच्या शाळेत तुझा एक परिच्छेद इतक्या काळजीने कोणी वाचला होता? सगळेच असे नसतात; काही खेकसतातही. पण जो असा वाचतो त्याला धरून राहावं, त्याच्या हाताखाली लिहिणं सुधारतं.

नियम ९ : ओळख लागते.

हो, लागते. पुतण्या अगदीच चुकीचा नव्हता. कुबर्नेटीस या मोठ्या प्रकल्पात संघटनेचा सदस्य व्हायचं तर दोन पुरस्कर्ते लागतात. पण ते मामाच्या साडूचे मित्र असून चालत नाहीत. तुमचं काम तपासलेली माणसं लागतात. त्यामुळे ओळख काढायची तर ती कामातूनच काढावी लागते.

गिटहबवर अधिकाराच्या पायऱ्याही आहेत : रीड, ट्रायेज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन. डॉक्युमेंटेशनवाल्याला बहुधा आधी ट्रायेज मिळतो, म्हणजे इश्यूंना लेबल लावायचं आणि जुने बंद करायचे. दिसायला कारकुनी काम आहे, पण कोणता प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो ते इथेच कळतं, आणि पुढचं पान काय लिहायचं ते त्यावरून ठरतं.

नियम १० : तगादा लावू नये; तगाद्याला आता वेगळा वास येतो.

लिनक्सच्या असंख्य संगणकांवर असलेल्या एक्सझेड नावाच्या साधनाचा मेंटेनर एकटा आणि थकलेला होता. ‘जिया टॅन’ नावाने कोणीतरी दोन-अडीच वर्षं नीट, गोड बोलून मदत केली. इतर काही नावांनी ‘प्रकल्प मागे पडतोय, नव्या माणसाला अधिकार द्या’ असा लकडा लावला. अधिकार मिळाला, आणि त्याच हातांनी ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा छडा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने चिकाटीने लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो प्रकार उघड केला, म्हणून जग वाचलं.

तेव्हापासून “मला लवकर अ‍ॅक्सेस द्या” म्हणणाऱ्याकडे मेंटेनर कसे पाहत असतील, याचा विचार करा. पुसदचा प्रामाणिक मुलगा आणि तो टॅन, दोघांचे निरोप पडद्यावर सारखेच दिसतात. वेगळी दिसते ती फक्त कामाची जुनी यादी, आणि टॅनने तीही तयार केली होती. त्यामुळे कोणी हात आखडता घेतला तर राग मानू नये.

नियम ११ : अ‍ॅक्सेस मिळाल्यावर काय?

एक दिवस ईमेल येतो. आईला सांगावं, पेढे वाटावेत, बायोडेटातली ती ओळ आता खरी झाली म्हणून निर्धास्त व्हावं. मग मोठ्या उत्साहाने थेट ‘मेन’मध्ये लिहायला जावं, तर ब्रँच संरक्षित निघते. अधिकार असला तरी आपलाच बदल दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा लागतो. म्हणजे अ‍ॅक्सेस मिळूनही पुल रिक्वेस्ट सुटली नाही. वाढलं एवढंच, की आता दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्ट तुमच्या नावावर येऊन पडतात, आणि त्यातली पहिली ‘आदरणीय सर’ने सुरू होते.

तेव्हा ज्यांना दुसऱ्याची ओळ दोनदा वाचायचा कंटाळा आहे त्यांनी अ‍ॅक्सेसच्या मागे लागूच नये. बाकीच्यांनी आज रात्री, वीज आहे तोवर, एक पान उघडून पेन्सिलीवर क्लिक करावं. त्याला कोणाचीही परवानगी लागत नाही.