सायटिंगवाले काकाजी

वर्ध्यात काकाजींच्या पुष्कळ जाती आहेत. लग्नात कोणी न सांगता पंगतीचा ताबा घेणारे आहेत, निकालाच्या आधीच आमदार ठरवून मोकळे होणारे आहेत, आणि हिंगणघाटच्या बाजार समितीआधी कापसाचा भाव जाहीर करणारे तर गल्लोगल्ली. अलीकडे त्यांत सायटिंगवाल्या काकाजींची भर पडली. २०१४ साली बोर अभयारण्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि ज्यांनी आयुष्यभर सेलूच्या पलीकडे फक्त धरण पाहायला चकरा मारल्या, तेही एकदम जंगलतज्ज्ञ झाले. क्षेत्रफळाने बोर देशातल्या लहानांत लहान व्याघ्र प्रकल्पांत मोडतो. पण काकाजींच्या तोंडून ऐकला, तर सुंदरबनही त्याच्यातच कुठेतरी असावं असं वाटतं.

या जातीचा माणूस ‘वाघ पाहिला’ असं म्हणत नाही. ‘सायटिंग झाली’ म्हणतो. वाघ जिप्सीसमोरून चालत आला तर ते ‘हेड ऑन’. माकड ओरडलं तर ‘कॉल’. मातीत पंजा उमटलेला दिसला की खाली वाकून निकाल : ‘फ्रेश आहे जी, दहा मिनिटांमागचा.’ दहाच का, आठ का नाही, हे विचारायची जिप्सीत कोणाची छाती होत नाही. गळ्यात दुर्बीण असते आणि ती बजाज चौकात तर्रीपोहे खातानाही उतरत नाही. तर्रीचे दोन थेंब तिच्या काचेवर कायमचे राहायला आले आहेत. दूरचं सगळं त्यामुळे थोडं तांबूस दिसतं, आणि वाघ पाहायला ते सोयीचंच पडतं.

आमचे काकाजी यांतले अस्सल. हनुमान टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींचा हिशेब त्यांच्याकडे असतो : कोणाला किती सायटिंग, कोणाची नुसती ‘शेपटी’. असा माणूस समुद्राकडे वळला तो निसर्गप्रेमाने नव्हे. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि महाराष्ट्र दर्शनाची रजा प्रवास सवलत वाया चालली होती. सरकारी माणसाला हक्काची सवलत वाया गेल्याचं जे दुःख होतं, ते त्याला बदलीचंही होत नाही. काकू म्हणाल्या, ‘जंगल लय झालं. आता पाणी दाखवा.’

नातवाला डॉल्फिनचा शो हवा होता. पुण्याचा कोणी मावसभाऊ सिंगापूरला जाऊन आला होता. काकाजींनी पोराला नियम ऐकवला : आपल्या देशात २०१३ पासून डॉल्फिनच्या खेळांना परवानगीच नाही, केंद्र सरकारचं परिपत्रक आहे. परिपत्रक हा शब्द ते आरतीतल्या ओळीसारखा म्हणतात. ‘आणि टाकीतल्याले पाहणं म्हणजे सायटिंग नाही बेटा, ती हजेरी झाली.’ मालवण तालुक्यात तोंडवळीला ‘सी वर्ल्ड’ उभारायचं घाटत होतं. आधी तर हजारावर एकर जागा सांगितली होती, आणि गावकऱ्यांनी जमिनीसाठी कडाडून विरोध केला. तो प्रकल्प आजवर कागदावरून पाण्यात उतरला नाही. तेव्हा टाकी नाहीच, खरा समुद्र. ठरलं तारकर्ली.

नागपूर-मडगाव गाडीचं तिकीट निघालं आणि निराळीच भानगड झाली. वर्धा जिल्हा दारूबंदीचा. मडगाव लिहिलेलं तिकीट हातात असलेल्या माणसाकडे शेजारी ज्या नजरेने पाहतात, ती नजर काकाजींना सोसेना. ‘आम्ही कुडाळलेच उतरणार आहोत,’ हे वाक्य त्यांनी निघेपर्यंत एवढ्या जणांना सांगितलं की संशय पक्का झाला. सोबत गोरसपाक, चिवडा, ठेचा आणि वायगावच्या हळदीचं पुडकं. हळद कशाला, ते काकूंनाच ठाऊक.

सकाळी देवबागच्या खाडीतून होडी निघाली. लाइफ जॅकेटवर दुर्बीण चढली. काकाजींनी पुढची जागा धरली, मागे वळून तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘आवाज नको.’ इंजिन धडधडतच होतं. होडीवाला विशीतला पोरगा.

‘कॉल आला का जी?’

‘खंयचो कॉल? हंयसर रेंज नाय, काका.’

‘तसा नाही. म्हणजे जनावर असलं की इथं कोण ओरडते?’

‘पर्यटक.’

काकाजींनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं. ‘मूव्हमेंट आहे. फ्रेश आहे.’ तो आमच्याच होडीने मागे काढलेला फेस होता. पोराने हसू दाबलं, हे त्याच्या धंद्याला शोभण्यासारखं झालं. पण पुढे त्याने जे सांगितलं त्याने काकाजींची मान ताठ झाली. दूरवर पाखरं पाण्यात सूर मारत होती. ‘थंय बारकी मासळी वर इली आसतली. मासळी थंय डॉल्फिन.’

‘म्हणजे पक्षी हाच कॉल!’ काकाजी ओरडले. त्यांनी स्वतः लावलेला शांततेचा नियम मोडला तो असा. चितळ ओरडलं की वाघ, पाखरू बुडलं की डॉल्फिन. समुद्रालाही शेवटी बोरचेच कायदे लागू आहेत हे पाहून त्यांना मोठा दिलासा मिळाला.

आणि खरोखर एक पाठ वर आली. करडी, ओली, मध्ये चांगला उंचवटा असलेली. कोकण किनाऱ्याला जो डॉल्फिन नेहमी दिसतो तो हाच हंपबॅक. श्वास घ्यायला येतो, पाठ दाखवतो, जातो.

‘याले वशिंड आहे!’ काकाजी म्हणाले. ‘गवळाऊ वाटून राहिला जी!’ आर्वीकडचा गवळाऊ बैल अरबी समुद्रात पोहतो आहे, ही कल्पना त्यांना मनापासून आवडली.

‘आजोबा, यानं उडी काहून नाही मारली?’

‘तो नोकरीत नाही बेटा.’

एव्हाना चारी बाजूंनी होड्या धावल्या. बोरमध्ये एक वाघ निघाला की जिप्स्यांचं जे होतं तेच. काकाजींच्या तोंडून सवयीने ‘दाबा, दाबा!’ निघून गेलं. पोराने उलट इंजिनच बंद केलं. ‘मागे लागलं तर तो बुडी मारून खंयच्या खंय जातलो. गप रवा, आपणहून येतलो.’ कितीतरी ड्रायव्हरांना दाबायला लावलेल्या माणसाला हे ऐकणं जड गेलं. पण मिनिटभरात ते उभे राहून बाकीच्या होड्यांना वनरक्षकाच्या थाटात हात करू लागले : ‘गाड्या मागं घ्या जी, गाड्या मागं घ्या!’ नियम मोडणं आणि नियम लावणं या दोन्हीतला आनंद काकाजींना सारखाच.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग. महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेल्या या किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे काकाजी घरून पाठ करून आले होते. होडीत त्यांनी ते सर्वांना सांगितलं, होडीवाल्यालाही. मग त्यांच्या तोंडात नळी कोंबली गेली आणि सूचना मिळाली : तोंडाने श्वास घ्यायचा, बोलायचं नाही. त्यांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. काकूंनी मुलाला विचारलं, ‘याचा महिन्याचा पास निघते का?’

पाण्यात बिस्किटाचा चुरा पडला आणि पिवळसर, काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे झुंडीने आले. काकाजी नळीतून ‘ह्हू, ह्हू’ करत बोटं उघडमीट करत होते. बुडतायत असं वाटून त्यांना वर ओढलं. ते पट्टे मोजत होते. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, त्यावरून ओळख पटते. इथे सगळ्यांना सारखेच पट्टे निघाले म्हणून ते नाराज होते. आणि बिस्किटावर तर फारच. ‘आमच्या बोरमध्ये हे चाललं नसतं जी. जनावराले खाऊ घालून सायटिंग देता?’ माझ्या मते इथे मात्र त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं, पण ओल्या बनियनवर केलेल्या भाषणाचा परिणाम कमीच होतो. पोराने मग खडकावरचं प्रवाळ दाखवलं आणि त्यावर पाय देऊ नका म्हणून बजावलं : ते जिवंत असतं, लहान लहान प्राण्यांचं घर. काकाजींनी हळूच बोटातली पोवळ्याची अंगठी फिरवून खडा आत घेतला.

जेवायला होडीवाल्याच्याच घरी. काकाजी शाकाहारी, नातू नाही. सुरमई ताटात आल्यावर त्याने विचारलं, ‘आपण पाहिली ती का?’ काकाजींनी उत्तर दिलं नाही. पाहिलेलं खायचं नसतं हा जंगलातला नियम इथे कसा बसवावा ते त्यांना सुचेना. काकू आत चुलीपाशी. वायगावच्या हळदीचं पुडकं त्या घरच्या बाईच्या हातात गेलं आणि आगळाची बाटली काकूंच्या पिशवीत आली. साऱ्या सहलीत कोणाचंही मोजमाप न होता झालेला व्यवहार एवढाच.

टेकडीवर परतल्यावर हिशेब सादर झाला : डॉल्फिन, अडीच. दोन पाठी आणि एक शेपूट. एका सभासदाने हरकत घेतली की वाघाच्या शेपटीला सायटिंग धरत नाहीत, मग डॉल्फिनच्या का धरायची? दुसऱ्याचं म्हणणं, पाठीला चेहरा नसतो, तेव्हा एकच पाठ दोनदा वर आली नसेल कशावरून? वाद आठवडाभर चालला. शेवटी ‘समुद्राचा रकाना वेगळा’ असं ठरलं आणि त्या रकान्यात काकाजी बिनविरोध पहिले आले.

आता त्यांना वेळासचे वेध लागले आहेत. मंडणगड तालुक्यातल्या या गावी सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वाळूतून वर येतात आणि लोकांसमोर समुद्रात सोडली जातात. परवा काकाजींनी तिकडच्या एका घरगुती मुक्कामवाल्यांना फोन लावला होता. स्पीकरवर होता, म्हणून ऐकू आलं.

‘तारीख नक्की सांगता येत नाही हो. अंडी आहेत ती.’

‘ते मान्य आहे जी. पण सकाळच्या फेरीले निघतात की संध्याकाळच्या? आम्हाले सकाळची परवडते. संध्याकाळची गाडी पकडायची असते न.’