पार्किंगमधली पद्मिनी

पुण्या-मुंबईच्या जुन्या सोसायटीत खाकी कव्हराखाली निजलेली एक फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, हमखास सापडते. टायरांतली हवा कधीच गेलेली, बॉनेटवर मांजराचा मुक्काम, आणि वार्षिक सभेत पार्किंगचा विषय निघाला की सगळ्यांच्या नजरा तिच्या मालकाकडे. "दिवाळीपर्यंत चालू करतो," असं तो दर वर्षी सांगतो. कुठल्या सालची दिवाळी, हे इतिवृत्तात नोंदवायचं राहून जातं.

मग एक दिवस तो निवृत्त होतो आणि सोसायटीचा नाइलाज होतो. गाडी गॅरेजला द्यायची त्याची तयारी नसते. "हल्लीच्या पोरांना पॉइंट म्हणजे काय ते माहीत नाही," हे त्याचं ठाम मत, आणि ते अगदीच खोटं नाही. स्कॅनर जोडून गाडीचं दुखणं वाचायला शिकलेल्या मुलाला पद्मिनीत तो जोडायला जागाच सापडत नाही. तेव्हा पुण्याचा मालक असेल तर तो नाना पेठेतून फीलर गेज आणि ग्रीस गन आणतो, बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारतो आणि सुटे भाग धुवायला घरातला टब न विचारता उचलतो.

त्याच्या आत्मविश्वासाला आधार आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली आणि १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली. राणीचं नाव मिळालं, इंजिन तेच राहिलं: १,०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बुरेटर. बॉनेट उघडलं की प्रत्येक भागाला हात पोचतो आणि मधल्या फटींतून खालची जमीनही दिसते. हातातून निसटलेला नट मात्र त्या जमिनीवर कधीच पोचत नाही. तो वाटेतच कुठेतरी वस्तीला राहतो.

हे इंजिन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं राबवलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. टॅक्सी गेल्या, पण त्यांच्या जिवावर चाललेल्या दुकानांच्या माळ्यावर अजून काहीबाही सापडतं.

पहिल्याच दिवशी मालकाला इंजिन चालू करायचं असतं. ब्रेक लागत नाहीत, पण आवाज ऐकायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. वास्तविक वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर मारायचाच नसतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, मुरू द्यायचं, मग हाताने फिरवून पिस्टन मोकळे आहेत ना ते बघायचं. टाकीतलं पेट्रोल उडून मागे चिकट राळ उरलेली असते, तीच कार्बुरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसते. जेट तारेने टोकरले तर भोक मोठं होतं आणि गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. ते हवेने फुंकून साफ करायचे. फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या बदलाव्याच लागतात, कारण आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराचं त्याच्याशी पटत नाही. एअर फिल्टरमध्ये उंदरांचा संसार निघाला तर तो वेगळा.

नंतर करंट. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट साफ करायचे, फीलर गेजने फट जमवायची, कंडेन्सर नवा घालायचा. इथवर ठीक. पण उत्साहाच्या भरात प्लगच्या चारही वायरी एकदम उपटल्या की कुठली कुठे होती ते देव जाणे. या इंजिनाचा फायरिंगचा क्रम १-३-४-२ असा आहे. तो १-२-३-४ असणार हे गृहीत धरून सद्गृहस्थाने स्टार्टर मारला, की सायलेन्सरमधून बार निघतो, कबुतरं उडतात आणि तळमजल्यावरच्या काकू कुकर बघायला धावतात.

खरी परीक्षा ब्रेकची, कारण तिथे दुसरा माणूस लागतो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीचा मास्टर सिलिंडर आतून गंजतो आणि चाकांच्या सिलिंडरमधले रबरी कप निकामी होतात. हे सगळं नवं बसवलं की एअर काढायची. एकाने आत बसून पॅडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं होऊन निपल सैल करायचा, बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल आवळल्यावरच पॅडल सोडायचं. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. मुलगा असतो बंगळुरूला, शेजारी नेमके तेव्हाच फिरायला गेलेले. उरतं कोण?

"अगं, दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. सोडू नको."

"अहो, भाजी गॅसवर आहे."

"दोनच मिनिटं... सोडलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, सोड?"

"सोडू नको म्हणालो!"

"मग नुसतं धर म्हणायचं. सोडायचं नाव काढायचंच कशाला?"

तांत्रिकदृष्ट्या तिचं म्हणणं बरोबर आहे. निपल उघडा असताना पॅडल सुटलं की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा श्रीगणेशा. ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तेवढ्याशा बुडबुड्यापायी पॅडल थेट तळाला जातं. या चार चाकांच्या काळात भाजी करपते, पण ब्रेक लागतात.

पहिली सफर अर्थातच खंडाळ्याच्या घाटात. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटून असतो. चढावर इंजिन तापतं, पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि वाफ काही पुढे ढकलली जात नाही. गाडी बंद. उपाय जुन्या ड्रायव्हरांचाच: पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि थांबायचं. या थांबण्यात जाणारा-येणारा प्रत्येक जण गाडी बाजूला घेऊन उतरतो, कारण प्रत्येकाच्या काकांकडे फियाट होती. फडकं कोणाकडेच नसतं.

राहता राहिली कागदपत्रं. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात, मुदत १० वर्षांची. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता त्यात बसतात. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच बाहेर काढायची. तेव्हा ज्यांच्या पार्किंगमध्ये पद्मिनी आहे, त्यांनी सरळ १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारं नेहमीचं आरसी नूतनीकरण करून घ्यावं. पॅडल धरून ठेवणारीला निदान मंडईपर्यंत तरी नेता आलं पाहिजे.