स्वस्त पात्याचे महाग लाड

ब्राझीलच्या ट्रामॉन्टिना कंपनीची मशेटी, म्हणजे लांब पात्याचा कोयता, हे मूळचं शेतमजुराचं अवजार: कार्बन पोलादाचं पातळ पातं, लाकडी मूठ, बेताची किंमत. अमेरिकेतला हौशी गडी ती ‘स्वस्त’ म्हणून घेतो आणि तिथून लाड सुरू होतात. धारेला कानस, मुठीला पॉलिशपेपर, मग जवसाचं तेल, वर पॅराकॉर्ड दोरीचे वेढे. पात्यावर व्हिनेगर चोळून मुद्दाम काळपटपणा आणायचा. शेतात तो फुकट येतो! म्यान तर कित्येकदा पात्याहून महाग. एवढ्या साजशृंगारानंतर कापायचं काय? पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली. परसातलं गवत कापायला गडी वेगळा.

कमरेच्या आकडीत कोयता अडकवून माडावर चढणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे कौतुक दाखवू नका. तो धारेवरून अंगठा फिरवील आणि विचारील, “नारळ किती उतरवलेत?”