डावी पाती, उजवी पाती

"घाई नाही," हे बापूकाकांचं पहिलं वाक्य आणि "आधी खोली ऐकू या," हे दुसरं. एवढ्या भांडवलावर त्यांनी एका म्युझिक सिस्टिमची खरेदी तीसेक वर्षं लांबवली आहे. कॅसेटच्या दिवसांत निवडायला बसले. सीडी आली म्हणून थांबले. सीडी जाणार असं ऐकलं म्हणून पुन्हा थांबले. आता अख्ख्या देवासचं गाणं फोनमध्ये जाऊन बसलं, तरी काकांची फाईल चालू आहे.

फाईल म्हणजे दोरीची, सरकारी. काका बी.एन.पी.तून, म्हणजे बँक नोट प्रेसमधून, निवृत्त झाले. कुठलाही कागद उजेडाकडे धरून बघायची सवय तिथली. माहितीपत्रकही ते आधी पाठीमागून वाचतात, बारीक अक्षरातलं. एका डब्यावर 'पाच हजार वॅट पीएमपीओ' छापलेलं दिसलं तेव्हा त्यांनी दुकानदाराला शांतपणे विचारलं, "भिया, घरची इस्त्री हजार वॅटची आहे. हा डबा पाच इस्त्र्यांएवढी वीज कुठून आणतो?" दुकानदार म्हणाला, "अंकल, कंपनी का है." मग पोह्यांवर जिरावन भुरभुरत काका आम्हांला समजावत: पीएमपीओ हे माप नव्हे, जाहिरात आहे, 'आरएमएस' बघायचं, म्हणजे सतत खरी किती ताकद निघते ते. लहान खोलीला वीस-पंचवीस वॅट रग्गड. तिसाचे साठ केले तरी आवाजात वाढ तीन डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतकीच. 1978 साली आलेल्या नॅड 3020 या ॲम्प्लिफायरचा फोटो त्यांच्या फाईलीत आहे. कागदावर दर बाजूला वीसच वॅट, आणि जगभर नावाजलेला. लोक पाकिटात नातवंडांचे फोटो ठेवतात, काका हा ठेवतात.

स्टिरिओ समजावताना त्यांचं गावप्रेम उसळतं. "अरे, देवास मुळातच स्टिरिओ! थोरली पाती, धाकटी पाती. एकाच गावात दोन पवार, दोन गाद्या. टेकडीवर देवीसुद्धा दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. आणि धार? एक गाव, एक गादी. मोनो!" धारवर त्यांचा राग का, ते पुढे येईलच. मी एकदा म्हटलं, "काका, इंग्रज लेखक फॉर्स्टर साहेब 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचा सेक्रेटरी होता, त्याला तर गोकुळाष्टमीचा गोंगाट सोसवेना. तसं त्यानं लिहून ठेवलंय." काका म्हणाले, "त्याला बसायची जागा चुकीची दिली असणार."

बसायची जागा हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण व्हायला हवा. स्पीकरमधला छोटा कर्णा कानाच्या उंचीवर. मागची भिंत हातभर तरी लांब. कोपऱ्यात तर ठेवायचाच नाही, कारण कोपरा खर्ज फुगवतो आणि गाणं पिंपातून आल्यासारखं वाटतं. "प्रत्येक खोलीला स्वतःचा षड्ज असतो," काका म्हणतात, आणि यात अतिशयोक्ती नाही: बारा फुटांवर समोरासमोर दोन भिंती असल्या की 47 हर्ट्झच्या आसपास खोली आपणहून घुमते. त्यांच्या स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी खडूने हा त्रिकोण आखला आहे. काकू त्यावरून रोज पोछा मारतात, काका रोज पुन्हा आखतात. "अहो, तुमच्या टोकाला माझा देव्हारा येतो," ही काकूंची अडचण अजून सुटलेली नाही. देव हलत नाहीत, त्रिकोण हलत नाही, म्हणून सिस्टिम येत नाही, अशी खुद्द काकांची मांडणी आहे. मला ती पटत नाही. देव्हारा हलला असता तर खिडकी आडवी आली असती.

इंदूरच्या दुकानांत काकांना ओळखतात. दुकानातला पोरगा नवा असला तर धडधडतं काहीतरी लावून बसलेला असतो. काका पेनड्राइव्ह काढतात. त्यात गाणं नाहीच. नुसते दोन तानपुरे, वीस मिनिटं. काका डोळे मिटतात. पाच मिनिटांनी पोरगा माझ्या कानाशी: "भिया, गाना कब शुरू होगा?"

पण यात काकांचं शास्त्र आहे. कानाने पारखलेलं. काळी एकचा तानपुरा असला तर खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झला बोलते. एवढा खोल सूर लहान स्पीकरला पुरता पेलत नाही. पण तानपुरा नीट जुळलेला असला तर त्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप उमटतो, तो खर्जाच्या पाचपट, साडेतीनशेच्या जरा अलीकडे. तो लहान स्पीकरही चोख दाखवतो. "गंधार दिसला की सिस्टिम पास. बाकी धडधड नवरात्रात टेकडीखाली फुकट मिळते."

हा कान आला कुठून, तर भानुकुलच्या, म्हणजे कुमार गंधर्वांच्या घराच्या, कुंपणाबाहेरून. कुमारजी 1948 साली क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले, ते 1992 मध्ये जाईपर्यंत देवासचेच राहिले. गावात प्रत्येकाकडे त्यांची एक आठवण आहे. कुणी पान दिलं होतं, कुणी सायकलवरून हात केला होता. काकांची आठवण सगळ्यांत माफक: "गाणं सगळ्यांनी ऐकलं. मी बाहेर उभा राहून तानपुरे जुळताना ऐकले." एवढं बोलून ते गप्प होतात, आणि त्या क्षणी त्यांची फाईल, खडू, पेनड्राइव्ह सगळं माफ करावंसं वाटतं.

आता धार. तिथले काकांचे साडू एका दुपारी बाजारात गेले आणि संध्याकाळी सिस्टिम घेऊन घरी आले. कुणाला न विचारता! आठवड्याने फोन: "बापूसाहेब, आवाज पोकळ येतो हो." काका स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालून एस.टी.ने, चुकलो, आमच्याकडे एस.टी. नाही, खासगी बसने इंदूर, आणि तिथून दुसऱ्या बसने धार असे शंभर किलोमीटर गेले. बघतात तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलेली. एक कर्णा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि दोघे मिळून खर्ज गिळतात. दोन मिनिटांचं काम. दालबाफल्यांसाठी काका तीन दिवस राहिले. मात्र खरा धक्का पुढेच होता. साडूंनी एक स्पीकर बैठकीतच ठेवला आणि दुसरा स्वयंपाकघरात हलवला, "म्हणजे हिलाही ऐकू जावं." ताई म्हणाल्या, "भावोजी, यांना गाणं ऐकू येतं, मला नुसता तबला."

तेव्हापासून धार मोनो.

गंमत अशी की काकांच्या सल्ल्याने देवासात निदान सहा घरांत सिस्टिम आल्या, आणि एकही फसली नाही. माझी सातवी. माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत काका टेप घेऊन आले, चारी कोपऱ्यांत टाळ्या वाजवल्या, आईची गोधडी मागच्या भिंतीवर टांगायला लावली आणि हिशेब सांगितला: पैशाचे दोन वाटे स्पीकरला, एक ॲम्प्लिफायरला, वायरीला चिल्लर, स्पीकर लहान, दोन कर्ण्यांचे, बास. सगळं मिळून दहा मिनिटं. त्यांना ठरवता येत नाही, हा माझा समज त्या दिवशी गेला.

आता दर रविवारी चार वाजता काका येतात. त्रिकोणाच्या टोकाला एकच खुर्ची आहे, तिच्यावर बसतात, पेनड्राइव्ह लावतात, डोळे मिटतात. मी दाराशी मोड्यावर, धाकट्या पातीत. मला एकच तानपुरा ऐकू येतो.

परवा उठताना त्यांनी चपला घातल्या, स्पीकरकडे एकवार प्रेमाने पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे. पण तू जरा घाई केलीस."