गाल भाड्याने देणे आहे

एक मिलिलिटर म्हणजे नेमकं किती, हे शाळेत शिकलेलं बहुतेकांच्या लक्षात नसतं. खोकल्याच्या औषधाचा छोटा चमचा पाच मिलिलिटरचा. त्याचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा ऐवजासाठी आज शहरातली माणसं पाच आकडी रक्कम मोजतात आणि तो ऐवज घरी न नेता तिथल्या तिथे गालात भरून घेतात. सोनं महागलं म्हणून आपण ओरडतो खरं, पण सोनं निदान मोडता तरी येतं.

या ऐवजाला फिलर म्हणतात. लग्नसराईत दवाखाने ‘ब्रायडल पॅकेज’च्या जाहिराती करतात, पण माझ्या मते खरं गिऱ्हाईक नवरी नव्हे, वरमाई. नवरीचे गाल अजून जागेवर असतात. वरमाईने पन्नाशी ओलांडलेली असते, ड्रोन डोक्यावर घिरट्या घालत असतो, आणि व्याह्यांकडच्या दोनशे माणसांपुढे तिला पैठणी, नथ आणि चेहरा हे तिन्ही एकाच वेळी सांभाळायचं असतं.

गाल उतरले की आपण गुरुत्वाकर्षणाच्या नावाने बोटं मोडतो. त्या बिचाऱ्याचा वाटा थोडा. गालात चरबीचे वेगवेगळे कप्पे असतात. वयाबरोबर त्यातले खोलवरचे आटतात आणि वरच्या जबड्याचं हाडही झिजून मागे सरकतं. छप्पर खचलंय असं वाटतं, तेव्हा आतली भिंतच हललेली असते. मग डॉक्टर पांढऱ्या पेन्सिलीने चेहऱ्यावर ठिपके काढतात. ब्राझीलच्या मॉरिसिओ द माइओ नावाच्या प्लास्टिक सर्जनने टोचायच्या जागांना क्रमांकच देऊन टाकले आहेत. गालाच्या वाट्याला पाच: सीके-१ ते सीके-५. मुंबईत भल्याभल्या घरांना इतका नेमका पत्ता नसतो.

“डॉक्टर, अगदी नॅचरल हवं हं. कुणाला कळता कामा नये,” वरमाई सांगतात. मग थोडं थांबून, “पण दिसलं तर पाहिजे.” यात विसंगती काहीच नाही. जावेला कळता कामा नये. जावेला दिसलं पाहिजे.

गालात जाणाऱ्या या जेलचं कुळ मात्र वरमाईंना कुणी सांगत नाही. या जेलमधलं हायलुरॉनिक ॲसिड 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना सापडलं ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवात. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले, आणि तुऱ्याचं फिलर अमेरिकेत रीतसर मंजूर होऊन विकलंही गेलं. आता बहुतेक माल जिवाणू तयार करतात. ज्या स्ट्रेप्टोकॉकस कुळातले जिवाणू आपला घसा धरतात, त्यांचेच हे भाऊबंद. चातुर्मासात कांदा-लसूणही न खाणाऱ्या घरांना हा केवढा दिलासा! तुरा गेला, जंतू आले. जंतूंना कुठलंच शास्त्र वर्ज्य मानत नाही.

आणि एवढं करून गाल मालकीचे होत नाहीत ते नाहीतच. जेल टिकतं वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन. म्हणजे सरळ लिव्ह अँड लायसन्सचा मामला: मुदत, नूतनीकरण, दर खेपेला वाढीव भाडं. नूतनीकरणाला तिथे ‘टच-अप’ म्हणतात. पण भाडेकरू म्हटला की तो मुदतीत निघेलच असं थोडंच आहे? काहींच्या एमआरआयमध्ये जेल कित्येक वर्षांनंतरही ठाण मांडून बसलेलं दिसलंय. जुना हलत नाही, वर नवा येऊन राहतो, आणि चेहरा हळूहळू आडवा होत जातो. तिकडे अमेरिकेत अशा चेहऱ्याला उशीचं नाव देऊन मोकळे झालेत. मग हायलुरॉनिडेझ नावाच्या विकराचं इंजेक्शन देऊन घर रिकामं करून घ्यावं लागतं. ‘फ्रेंड्स’ मालिकेतल्या कोर्टनी कॉक्सने आपण फिलर विरघळवून घेतल्याचं 2017 मध्ये जाहीरपणे सांगितलं. आणायचेही पैसे, घालवायचेही पैसे. डिपॉझिट परत मिळाल्याचं ऐकिवात नाही.

इथे थट्टा क्षणभर बाजूला. जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरते, आणि क्वचित दृष्टीही जाते. स्वस्तात पडतं म्हणून पार्लरच्या मागच्या खोलीत गाल पुढे करणाऱ्यांनी, तिथे हायलुरॉनिडेझची कुपी आहे का आणि ती वापरता येणारा डॉक्टर आहे का, एवढं तरी विचारावं.

गंमत अशी, की आई ज्या दारातून गाल भरायला आत जाते, त्याच दारातून लेक गाल काढून बाहेर येते. 2022 च्या अखेरीस समाजमाध्यमांवर गालातली चरबी काढण्याची लाट आली. बिशा या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा चरबीचा गोळा तोंडाच्या आतून कापून काढायचा, म्हणजे गाल खोल जातात आणि हाडं उठून दिसतात. आमच्या आज्ज्या अशा मुलीला ‘गालफडं बसलीत, आजारी होतीस का गं?’ म्हणाल्या असत्या. लेकीचं काढून आईला घालता आलं असतं तर घरातला पैसा घरात राहिला असता. पण शरीर परकी चरबी ठेवून घेत नाही. स्वतःची चालते. ती पोटातून किंवा मांडीतून काढतात, आणि पुरवठ्याच्या बाबतीत आपलं पोट फारच दिलदार आहे. त्यातली बरीचशी चरबी जिरून जाते. जी टिकते ती मूळ स्वभाव सोडत नाही. वजन वाढलं की गालही वाढतात. लग्नाआधीच्या केळवणांचा आणि लग्नानंतरच्या पूजांचा हिशेब ज्याने त्याने करावा.

पूर्वीही ही हौस होतीच. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या सर्जनने 1899 मध्ये पॅराफिन टोचण्याचा शोध लावला, आणि युरोपातल्या धनिक स्त्रिया मेण भरून घेऊ लागल्या. पुढे मार्लबरोची डचेस झालेली ग्लॅडिस डीकन ही तिच्या काळातली नावाजलेली सुंदरी. तिने नाक सरळ करायला मेण भरलं, आणि ते घसरत हनुवटीकडे निघालं. आपल्याकडे तेव्हा वरमाया रुसून गाल फुगवत. मानपान झाला, विहिणीने पाय धुतले, की गाल आपोआप उतरत. परिणाम तात्काळ, खर्च मुलीकडच्यांचा.

खरं म्हणजे गाल हा आपल्याकडे देणारा अवयव, घेणारा नव्हे. सुश्रुत संहितेत तुटलेलं नाक गालाच्या कातड्याने घडवायची कृती आहे. पुढे ते काम कपाळाकडे गेलं. 1793 च्या सुमारास टिपूच्या माणसांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्याजवळ, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाच्या कातड्याचं नवं नाक करून दिलं, आणि 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ते चित्रासह छापलं.

कावसजीला आज जीएसटी लागला नसता. कायदा सांगतो: जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा दुखापत यांमुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायची शस्त्रक्रिया असेल तर ती आरोग्यसेवा, कर माफ. निव्वळ सौंदर्यासाठी असेल तर कर भरा. आरोग्यविमाही त्याच वाटेने जातो. ही मेख एका वरपित्याच्या ध्यानात आली. दोन सिरिंजांचं बिल घेऊन त्याने सीए गाठला आणि विचारलं, “बत्तीस वर्षांचा संसार दुखापतीत बसवता येईल का?”

सीएने चष्मा पुसला. “बसेल की. पण सही वहिनींची लागेल, आणि दुखापत कुणी केली, तो रकानाही त्याच भरतील.”

वरपित्याने कर भरला.